गतिरोधक मागण्याआधी ते तिघं कसे गेले ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. नाशिकला म्हसरूळच्या बाजूला दिंडोरी रोडवरून आत गेलेल्या डीपी रोडवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्यावर, तुमची सोसायटी आहे. रस्ता रुंद आणि चांगला झाल्यापासून त्यावर तिघं जण गेले, शेवटचे म्हणजे पहाटे दूध आणायला निघालेले एक आजोबा. आजूबाजूच्या सोसायट्यांनी मिळून मनपाला निवेदन दिलं, सहा गतिरोधक आणि एक सिग्नल मागितला, त्यावर "पाहणी करू" एवढंच उत्तर आलं आणि आता लोक म्हणतायत रास्ता रोको करू. तुम्ही विचारताय की नेमकं काय मागायचं, कोणाकडे मागायचं, आणि त्यानं खरंच फरक पडेल का.

मी सिव्हिल इंजिनिअर, बरीच वर्षं रस्ता सुरक्षा ऑडिटचंच काम करतोय, त्यातलं बरंचसं नाशिक शहर आणि जिल्ह्यातलं. तुमचा रस्ता मी बघितलेला नाही, त्यामुळं खाली लिहितोय त्यातलं काही लागू पडेल, काही नाही पडणार. रस्ता किती रुंद आहे, दुभाजक आहे का, डंपर आणि आयशर किती जातात, तिघं एकाच जागी गेले की किलोमीटरभरात वेगवेगळीकडे, यावर सगळं अवलंबून आहे. पण शोधायचं कसं ते सगळीकडे सारखंच असतं, म्हणून तेच नीट सांगतो.

तुमच्या लिहिण्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते "रस्ता चांगला झाल्यापासून" हे. नाशिकमध्ये हे जागोजागी होतंय, आणि 2027 च्या कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची जी कामं चाललीत ती पूर्ण झाली की अजून होणार आहे, म्हणून आत्ताच बोलायला हवं. खड्डे होते तोवर गाड्या पंचवीस-तीसने जायच्या, काँक्रीट पडलं की त्याच गाड्या साठने जायला लागतात. रस्त्याकडेचं सगळं मात्र तसंच राहिलेलं असतं, डेअरी पलीकडे, मारुतीचं मंदिर अलीकडे, शाळेची व्हॅन कोपऱ्यावर उभी राहणार, भाजीची गाडी बरोबर दुभाजकाच्या फटीपाशी. वेग हायवेचा झाला आणि वावर गल्लीतलाच राहिला. तेव्हा तुमची मागणी अशी असायला पाहिजे की जिथं माणसं रस्ता ओलांडतात तिथं गाडीला तीस-चाळीसच्या वर जाताच येऊ नये, चालवणारा शहाणा असो की दारू प्यालेला. त्यासाठी गतिरोधक लागेल की दुसरं काही, ते पुढचं.

आता पहिलं काम. त्या तिघांचे कागद गोळा करा. एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर मिळू शकते, आणि बहुतेक वेळा नातेवाइकांकडे पूर्ण संच असतो कारण क्लेमसाठी वकिलानं तो घेतलेला असतो. त्यांच्याकडे जाताना आधी फोन करा, वेळ घेऊन जा, घरचं माणूस गेलेलं असतं आणि तीच तीच चौकशी त्यांना नको असते. पण कशासाठी हवंय ते नीट सांगितलं तर माझ्या अनुभवात लोक स्वतःहून देतात, कारण दुसऱ्या कोणाच्या घरी हे होऊ नये असं त्यांनाच सगळ्यात जास्त वाटत असतं.

एफआयआर वाचून मात्र थांबू नका. दहा अपघातांच्या दहा एफआयआर वाचा, कारण एकच दिसेल, भरधाव वेगात, हयगयीने आणि निष्काळजीपणे वाहन चालवून. कलमच तसं आहे, पूर्वी 304 अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 106. कोर्टासाठी ते ठीक आहे, रस्ता दुरुस्त करायला त्याचा काही उपयोग नाही. खरी माहिती घटनास्थळाच्या पंचनाम्यात असते. रस्ता कुठून कुठे जातो, किती रुंद, अपघाताची जागा कुठल्या पोलपासून किती फुटांवर, ब्रेक मारल्याची खूण आहे का आणि किती लांब, गाडीचं नुकसान पुढच्या कुठल्या बाजूला, चप्पल कुठे पडली, दुधाची किटली कुठे पडली. हे वाचून माणूस कुठून कुठे चालला होता ते डोळ्यासमोर उभं राहतं. याशिवाय पोलिस आता प्रत्येक अपघात ईडार नावाच्या सरकारी प्रणालीत अक्षांश-रेखांशासकट भरतात, आपलं राज्य पहिल्या टप्प्यातल्या सहा राज्यांत होतं. तुमच्या रस्त्यावरच्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदी, जखमींसकट, माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नावं मागू नका, फक्त तारीख, वेळ, जागा, वाहनं आणि जखम किती गंभीर एवढंच मागा, म्हणजे नाकारायला जागा राहत नाही.

मग एका वहीत प्रत्येकासाठी एक पान करा. वय, पायी की गाडीवर, कुठून कुठे चालले होते, किती वाजता, उजेड होता का, पाऊस होता का, हेल्मेट होतं का, समोरची गाडी कुठली आणि कुठल्या दिशेनं आली, चालवणाऱ्याला माणूस किती अंतरावरून दिसू शकला असता. हे करताना एक वाक्य कानावर येईलच, "त्यांचीच चूक होती, बघून ओलांडायला पाहिजे होतं." असेल चूक. सत्तरीतला माणूस पहाटेच्या अंधारात गाडीचा वेग ओळखायला चुकतो, सातवीतलं पोर तर हमखास चुकतं. पण चूक कोणाची ते ठरवलं की शोध तिथंच संपतो आणि चौथा माणूस त्याच जागी जातो. त्या जागी चूक झाली तर जीव का जातो, एवढंच विचारायचं.

आता त्याच वेळेला त्याच जागी जाऊन उभे राहा. पहाटे साडेपाचला झाला असेल तर पहाटे साडेपाचलाच, रविवारी सकाळी चहा पिऊन दहा वाजता नाही. दुभाजकाच्या कडेला वाकून बघा, काचेचा चुरा, इंडिकेटरचे नारिंगी तुकडे, दगडावर गाडीच्या रंगाचा ओरखडा, झाडाच्या खोडाला लागलेला मार, हे सगळं न नोंदवलेल्या अपघातांचं आहे. दुभाजकातले दोन ब्लॉक कोणीतरी काढून फट केलेली असते आणि तिथली माती टायरनं गुळगुळीत झालेली असते, म्हणजे रोज शंभरेक दुचाकी तिथून आरपार जातात. ती फट कोणी का केली ते समोर बघितलं की लगेच कळतं, बरोबर समोर डेअरी असते नाहीतर सोसायटीचं गेट, आणि अधिकृत वळण अर्धा किलोमीटर पुढे. लोक अर्धा किलोमीटर वळसा घालत नाहीत. कुठलंच गाव घालत नाही.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला खडूनं दोन रेघा मारा, टेपनं मोजून बरोबर 50 मीटर अंतरावर. एक जण पहिल्या रेघेपाशी हात खाली करेल, दुसरा दुसऱ्या रेघेपाशी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेईल. 50 मीटर 6 सेकंदांत म्हणजे ताशी 30, साडेचार सेकंदांत म्हणजे 40, 3 सेकंदांत म्हणजे 60. फुटपाथवर, झाडाआड उभे राहा, पिवळी जॅकेट घालून उभे राहिलात तर सगळे हळू होतील. समोर मोकळा रस्ता असलेल्या शंभर गाड्या मोजा, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या सोडून द्या. मग त्या हळू ते जोरात अशा क्रमानं लावून पंच्याऐंशीवी गाडी कितीने गेली ते बघा, आम्ही रस्ता त्या आकड्यावर तपासतो, सरासरीवर नाही, कारण मारणाऱ्या गाड्या वरच्या पंधरात असतात.

हा आकडा का महत्त्वाचा ते एका हिशेबानं सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, रस्ता आखताना धरते की चालवणाऱ्याला काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद जातात. 40 च्या वेगाला गाडी थांबायला एकूण साधारण 45 मीटर लागतात आणि 60 ला 80 मीटर. समजा आजोबा 45 मीटरवर रस्त्यात दिसले. 40 ने येणारा त्यांच्या पुढ्यात थांबतो. 60 ने येणाऱ्याचे जवळजवळ 42 मीटर नुसते दिसण्यात आणि पाय उचलण्यात गेले, म्हणजे तो त्यांना जवळपास 60 च्याच वेगानं धडकतो. माणूस तोच, ब्रेक तेच, फरक फक्त वीस किलोमीटरचा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की सरासरी वेग 1 टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता साधारण 4 टक्क्यांनी वाढते, आणि समोरून गाडी लागलेल्या पादचाऱ्याचा मरणाचा धोका 50 वरून 65 ला साडेचार पट होतो. म्हणूनच 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसं आणि गाड्या जिथं मिसळतात तिथं 30 ची मर्यादा मागितलेली आहे.

आता तुमचे सहा गतिरोधक. मी गतिरोधकाच्या विरोधात नाही, आतल्या रस्त्यावर तो काम करतो, पण तो बरोबर केलेला असेल तरच. आयआरसीचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद असतो आणि मध्ये फक्त 10 सेंटिमीटर उंच, गाडी 25 ने आली तर आरामात जाते आणि पन्नासने आली तर चालवणाऱ्याला कळतं. त्याच्या 40 मीटर आधी बोर्ड, त्यावर रात्री चमकणारे पट्टे, कडेला कॅट आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले चमकणारे खडे. प्रत्यक्षात आपल्याकडे काय होतं, निवेदन गेलं, दबाव आला, की ठेकेदाराची माणसं उरलेलं डांबर आणून रस्त्यावर आडवं ओततात, हातभर रुंद आणि वीतभर उंच, रंग नाही, बोर्ड नाही. चारचाकीचं काही बिघडत नाही. दुचाकीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई, मांडीवर पोर, ती उडते. असे मृत्यू मी कागदांवर वाचलेत, ज्या गतिरोधकानं वाचवायचं त्यानंच मारलं असे. रबरी पट्ट्यांचंही तसंच, पावसाळ्यात बोल्ट निघतात, अर्धी पट्टी जाते, मग सगळ्या दुचाकी त्या मोकळ्या बाजूनं कट मारून जातात, आणि ती मोकळी बाजू नेमकी कडेची, जिथं माणसं चालतात.

आणि सहा का? किलोमीटरमध्ये कुठेतरी सहा टाकले तर गाड्या दोन गतिरोधकांच्या मध्ये परत पळतात. ओळीनं टाकायचे तर 100 ते 120 मीटरवर एक असे टाकावे लागतात, तेवढे तुम्हालाच नको होतील, ॲम्ब्युलन्सला तर नकोच. त्यापेक्षा जिथं लोक ओलांडतात अशा एक-दोन जागा ठरवा आणि तिथं उंच क्रॉसिंग मागा, काही लोक टेबल टॉप म्हणतात. फुटपाथच्या उंचीला, साधारण 15 सेंटिमीटर, सपाट ओटा, दोन्ही बाजूंना उतार, वर झेब्रा पट्टे. गाडीला वर चढून उतरावं लागतं म्हणून वेग कमी होतो, आणि चालणारा माणूस गुडघ्याला त्रास न होता सरळ जातो, शिवाय उंचावर असल्यामुळं लांबून दिसतो. नुसते रंगाचे झेब्रा पट्टे मारून आपल्याकडे कोणी थांबत नाही, उलट म्हातारी माणसं विश्वासानं उतरतात, म्हणून उंचवट्याशिवाय झेब्रा मागू नका.

सिग्नलबद्दल थोडक्यात. दोन मोठे रस्ते भरपूर रहदारीनं एकमेकांना कापत असतील तर सिग्नल, नाहीतर नाही. डीपी रोडच्या चौकात तो दिवसा लोक पाळत नाहीत आणि रात्री पिवळा लुकलुकत राहतो, तुमचे आजोबा तर पहाटे गेले. जागा असेल तर छोटं सर्कल चांगलं. साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी छेदतात किंवा भिडतात, सर्कलमध्ये 8 ठिकाणी, आणि वळावंच लागत असल्यामुळं वेग आपोआप उतरतो. फक्त त्या सर्कलमध्ये पुतळा, कारंजं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स नकोत, पलीकडची गाडी दिसली पाहिजे.

जिल्ह्यातल्या राज्यमार्गावरच्या एका गावाचं सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. तिथं सगळे म्हणायचे ट्रक फार जोरात येतात, वेशीवर गतिरोधक टाका. पंचनामे वाचले तर मेलेले आणि जखमी जवळजवळ सगळे संध्याकाळचे आणि एसटी स्टॉपजवळचे, वेशीपाशी कोणीच नाही. बस थांबायची, लोक उतरून बसच्या पुढून रस्ता ओलांडायचे, आणि मागून येणारी दुचाकी बसला ओव्हरटेक करून निघायची, दोघांना एकमेक शेवटच्या क्षणापर्यंत दिसायचे नाहीत. जोडीला वडापावच्या टपरीमुळं बस रस्त्यातच उभी राहायची आणि वरचा दिवा झाडात गेलेला. आम्ही स्टॉप ओलांडायच्या जागेच्या पुढे सरकवला, म्हणजे लोक बसच्या मागून जातात आणि मागचा चालवणारा त्यांना बघतो. टपरी तिथंच वीस पावलं मागे घेतली, तिचा धंदा बुडू दिला नाही म्हणून विरोधही झाला नाही. फांद्या छाटल्या, दिवा बदलला, उंच क्रॉसिंग बांधलं. वेशीवर काहीच केलं नाही. संध्याकाळचा वेग क्रॉसिंगपाशी स्पष्ट उतरला. तुमच्याकडे सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा, स्टॉप कुठे आहे आणि तिथून उतरून लोक कुठून ओलांडतात ते या नजरेनं बघा.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की तुमच्याकडे दुभाजकातल्या फटी, डेअरीसमोरचा अंधार आणि कोपऱ्यावर लावलेल्या गाड्या या तीन गोष्टी निघतील. फटींपैकी बहुतेक बंद करायच्या, पण एक तरी नीट बांधून द्यायची, मध्ये उभं राहायला जागा असलेली, म्हणजे माणूस एका वेळी एकाच दिशेची रहदारी बघून अर्धा रस्ता ओलांडेल. सगळ्या बंद केल्या तर महिनाभरात रात्रीत फोडल्या जातात. कोपऱ्यापासून दोन्हीकडे गाडी लावायला मनाई आणि ती पाळली जावी म्हणून तिथं बोलार्ड, म्हणजे आखूड खांब. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डाकडे भाजीपाला घेऊन जाणाऱ्या पिकअप पहाटे तुमच्या रस्त्यानं कट मारत असतील तर तेही वहीत लिहा, तसं असेल तर पहाटेच्या वेळेसाठी वेगळा उपाय लागेल, कदाचित जड वाहनांना प्रवेशबंदी, ती अधिसूचना पोलिस आयुक्तालयातून निघते.

नाशिकमध्ये मोठे अपघात झाले की चर्चा होते, मग विसरतो. 8 ऑक्टोबर 2022 ला पहाटे मिर्ची चौकात यवतमाळहून मुंबईला जाणारी खासगी बस ट्रकला धडकून पेटली आणि 12 जण गेले. जानेवारी 2025 मध्ये द्वारकाजवळच्या उड्डाणपुलावर माणसं भरलेला टेम्पो लोखंडी सळयांच्या ट्रकवर मागून आदळला. पहिल्यात दोन रस्ते वेगानं एकमेकांना कापतात ती जागा, दुसऱ्यात मागे बाहेर आलेला, अंधारात न दिसणारा माल. या दोन्ही गोष्टी छोट्या प्रमाणात तुमच्या रस्त्यावर रोज असतात. सळया, कांद्याची ट्रॉली, उसाची बैलगाडी, द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो, मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी नसेल तर साठने येणाऱ्याला ते वेळेत दिसतच नाही. ती पट्टी अगदी स्वस्त आहे. तुमच्या तरुण मंडळांना काही करायचंच असेल तर गणपतीत एक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॉल्यांना पट्ट्या लावा, हे काम मी लोकांना करताना बघितलंय आणि शेतकरी आनंदानं थांबतात.

हेल्मेटचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि हे मनपाच्या हातात नाही, आपल्या आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, महाराष्ट्रात 15,224. देशातल्या त्या मृतांत 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते, 19 टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. हेल्मेट नसलेले 50,029, त्यात मागे बसलेलेही चौदा हजारांवर. नाशिकला 15 ऑगस्ट 2021 पासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही ही मोहीम झाली, तेव्हा पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून घालणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. नीट घातलेलं हेल्मेट मरणाचा धोका साधारण 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी करतं. पट्टा लावलेला नसेल तर धडकेत ते आधी उडून जातं. आणि कोपऱ्यावर दूध आणायला जाताना कशाला, असं म्हणू नका, घराजवळच माणूस बेसावध असतो. सोसायटीच्या बैठकीत अजून एक विषय घ्या, अकरावी-बारावीच्या पोरांना गाडी देणं. मोटार वाहन कायद्याच्या 199 अ कलमानुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड आहे, पण दंडासाठी नाही, ती पोरं आपलीच आहेत म्हणून घ्या.

अपघात झालाच तर 108 ला फोन, जागा नीट सांगायची, पोल नंबर किंवा जवळचं दुकान. मदत करणाऱ्याला पोलिस नाव सांगायला भाग पाडू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या 134 अ कलमात हे संरक्षण आहे, हे सोसायटीच्या बोर्डावर लिहून लावा कारण या भीतीनं लोक अजून बघत उभे राहतात. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोहोचवून जीव वाचवणाऱ्याला राहवीर योजनेत 25,000 मिळू शकतात.

आता मागायचं कोणाकडे. आधी रस्ता कोणाचा ते पक्कं करा. डीपी रोड असेल तर मनपाचा बांधकाम विभाग, दिवे मनपाचा विद्युत विभाग, महावितरणचा खांब मध्ये येत असेल तर महावितरण, पार्किंग आणि प्रवेशबंदी शहर वाहतूक शाखा. दिंडोरी रोडला मिळतो तो तोंडाचा भाग कदाचित दुसऱ्याच खात्याचा निघेल, आणि गंमत नाही, बरेच मृत्यू नेमके अशा दोन खात्यांच्या शिवेवर होतात कारण तिथं कोणीच बघत नाही. एका पानाचं निवेदन करा. तिघांच्या तारखा, वेळा, नकाशावर तीन टिंबं, वेगाचे आकडे, चार फोटो, आणि प्रत्येक जागेसाठी एकच मागणी. "योग्य ती कार्यवाही व्हावी" लिहू नका, "अमुक पोलजवळची फट बंद करून त्याच्या पुढे उंच क्रॉसिंग" असं लिहा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या आणि विषय बैठकीच्या इतिवृत्तात आला का ते विचारत राहा. इतिवृत्तात आलं की त्याला पुढच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 198 अ कलम आलंय, रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. निवेदनात त्याचा एक ओळीत उल्लेख करा, धमकीच्या भाषेत नको.

तुमच्याकडे तीन मृत्यू झालेत म्हणून ब्लॅक स्पॉट जाहीर होईल असं धरून बसू नका. केंद्राची व्याख्या राष्ट्रीय महामार्गासाठी आहे, 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात किंवा दहा मृत्यू. दहा मरेपर्यंत थांबायचं कारण नाही, मनपाला आपल्या रस्त्यावर काम करायला त्या यादीची गरज नसते. रास्ता रोकोबद्दल माझं मत विचारलंत तर नको. राग समजतो. पण त्या दिवशी येणारा अधिकारी सुटका करून घ्यायला गतिरोधक कबूल करतो आणि आठ दिवसांत तोच डांबराचा ढीग पडतो, मग पुढची पाच वर्षं फाइलवर "उपाययोजना केली" असं लिहिलेलं राहतं.

आणि फरक पडतो का, तर पडतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2016 मध्ये 151 जण गेले होते, तिथं एकेक अपघात तपासून उघडे खांब आणि कठडे झाकले, बंद पडलेले ट्रक लवकर हलवायला लागले, मध्ये तारेचे दोर लावले, आणि काही वर्षांत आकडा शंभराच्या आत आला. तमिळनाडूत 2016 ला 17,218 मृत्यू होते, 2019 ला 10,525. कोणा एका गोष्टीनं नाही, पण मोजून, जागा शोधून केलं म्हणून.

काम झाल्यावर एक काळजी घ्या. वर्षभर कोणी गेलं नाही म्हणजे उपाय लागू पडला असं समजू नका. तीन मृत्यू हा इतका लहान आकडा आहे की एखादं वर्ष नुसतं नशिबानंही मोकळं जातं. त्याच दोन खडूच्या रेघांवर, त्याच वेळेला, परत शंभर गाड्या मोजा. पंच्याऐंशीवी गाडी 55 वरून 35 वर आली असेल तर काम झालं. 50 वरच असेल तर लगेच लिहा, ठेकेदाराची दोष दायित्वाची मुदत संपायच्या आत, त्या मुदतीत त्याला स्वतःच्या खर्चानं नीट करून द्यावं लागतं.

या आठवड्यात तीन पंचनामे मिळवा आणि वेग मोजा. आकडे लिहाल तेव्हा पहाटेचे आणि संध्याकाळचे वेगळे लिहा, दुभाजकातल्या प्रत्येक फटीचं अंतर तुमच्या गेटपासून मीटरमध्ये लिहा आणि कुठल्या फटीसमोर काय आहे तेही, मग कुठली बंद करायची आणि क्रॉसिंग कुठे घ्यायचं ते मी नेमकं सांगू शकेन.